बोल्ट लहान, झटका मोठा : उद्यमबागेतील एका जुळणी विभागाचे प्रकरण

बेळगावच्या उद्यमबागेतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात हायड्रॉलिक गिअर पंप (दातेरी चाकांनी तेल दाबाने ढकलणारे पंप) आणि त्या पंपांवर चालणारे पॉवर पॅक, म्हणजे तेलाची टाकी आणि पंप एकत्र असलेले संच, तयार होतात. कास्टिंग बाहेरच्या फाउंड्रीतून येते, मशीनिंग जागेवरच होते आणि शेवटची जुळणी एका लांबट शेडमध्ये दोन टेबलांवर चालते. फिटर बहुतेक येळ्ळूर, मच्छे, पिरनवाडी आणि खानापूरच्या बाजूच्या गावांतले. कामाची बोली मराठी, भिंतीवरच्या सूचना कानडीत, आणि ड्रॉइंग इंग्रजीत. कारखान्याचे आणि माणसांचे नाव मी येथे देत नाही, कारण ज्या अडचणीविषयी लिहायचे आहे ती या एका शेडपुरती नाही. उद्यमबागेपासून होनग्यापर्यंत आणि सीमेपलीकडे कागल, गोकुळ शिरगावपर्यंत, जिथे जिथे माणूस हातात गन धरून दिवसभर बोल्ट आवळतो, तिथे तिथे ती कमीअधिक प्रमाणात आढळते.

प्रकरणाची सुरुवात माणसाच्या दुखण्यापासून झाली नाही, तेलाच्या गळतीपासून झाली. पॉवर पॅकच्या टाकीच्या झाकणाखालून तेल पाझरत असल्याच्या तक्रारी ग्राहकांकडून येऊ लागल्या. व्यवस्थापनाने गास्केटचा (झाकणाखाली दबून फट बंद करणाऱ्या पट्टीचा) पुरवठादार बदलून पाहिला, झाकणाची सपाटी तपासली, आणि त्यानंतर बोल्टांचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, मोजला, तेव्हा तो ठरलेल्या मानापेक्षा कमी आणि बोल्टागणिक वेगळा निघाला. चौकशीत कळले की झाकण बसवणारे फिटर गनच्या हवेचा दाब ठरवणारा रेग्युलेटर थोडा खाली आणून ठेवत असत. पूर्ण दाबावर गन मनगटाला असा हिसका देते की दुपारनंतर हात चालत नाही, हे त्यांचे सरळ उत्तर होते. एकाने हँडलला कापडी पट्टी गुंडाळली होती, दुसरा डाव्या हाताने उजवे मनगट घट्ट धरून ट्रिगर दाबत असे, आणि तिघांच्या हातांत औषधाच्या दुकानातून आणलेले मनगटपट्टे होते. गळती आणि दुखणे यांचे मूळ एकच होते, पण कारखान्याच्या वहीत नोंद फक्त गळतीची होती.

दोन टेबले, दोन प्रकारच्या तक्रारी

पहिल्या टेबलावर गिअर पंप जुळवले जातात. पंपाच्या ॲल्युमिनियमच्या बॉडीला पुढचे आणि मागचे कव्हर एम १० च्या, म्हणजे दहा मिलिमीटर व्यासाच्या, आठ बोल्टांनी जोडतात. टॉर्क ५० न्यूटन मीटर, म्हणजे जुन्या फिटरांच्या भाषेत पाच किलो-मीटरच्या आसपास. येथे हवेवर चालणारी इम्पॅक्ट गन, म्हणजे ठोक्यांनी बोल्ट फिरवणारी गन, वापरात होती आणि तिच्यामागून क्लिक टॉर्क रेंच (ठरलेल्या टॉर्कला क्लिक करणारा पाना) लावून खात्री केली जात असे. दुसऱ्या टेबलावर टाकीचे झाकण बसते : चार मिलिमीटर जाड पत्र्याचे झाकण, त्याखाली तीन मिलिमीटर जाडीचे कॉर्क-रबराचे गास्केट, आणि कडेने एम ८ चे सोळा बोल्ट. टॉर्क फक्त १८ न्यूटन मीटर. येथे ठरावीक टॉर्कला आतला क्लच सुटून थांबणारी पिस्तूल आकाराची एअर गन होती.

कागदावर पाहिले तर जड काम पहिल्या टेबलावर आहे. सुपरवायझरही तसेच समजत होते, म्हणून अंगाने दणकट माणसे पंपावर आणि नवी किंवा वयस्क माणसे झाकणावर नेमली जात. प्रत्यक्षात तक्रारींचे चित्र उलटे होते. पंपावरच्या फिटरांना झटक्याचा त्रास जवळजवळ नव्हता. त्यांची तक्रार होती ती पाळी संपल्यावर बोटांना येणाऱ्या मुंग्यांची आणि कानातल्या आवाजाची. झाकणावरच्या माणसांचे मात्र मनगट, कोपराची बाहेरची बाजू आणि खांदा दुखत होता, आणि एकाला डॉक्टरांनी काही आठवडे हाताला विश्रांती द्यायला सांगितली होती.

दुखणे शेतीच्या कामाचे असावे, अशी एक समजूत व्यवस्थापनात होती. ती अगदीच निराधार नव्हती, कारण जुलैत रोप लावणीच्या दिवसांत यातले कितीतरी जण पहाटे भाताच्या वाफ्यात उभे राहून मग पाळीला येतात. पण लावणी करणारे फिटर दोन्ही टेबलांवर होते आणि कोपराची तक्रार एकाच टेबलावर होती. शिवाय पंपाचा एक फिटर महिनाभरासाठी झाकणावर बदलून आला, तेव्हा त्यालाही तोच त्रास सुरू झाला आणि परत गेल्यावर कमी झाला. दुखणे माणसाबरोबर किंवा हंगामाबरोबर फिरत नव्हते, जागेला चिकटून होते. जागेची तपासणी करायची ठरली ती एवढ्यावरूनच, आणि मला वाटते कोणत्याही कारखान्यात पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे.

टॉर्कचा आकडा आणि हाताला लागणारा भार

गन बोल्टाला जेवढ्या टॉर्कने घड्याळाच्या दिशेने फिरवते, तेवढ्याच टॉर्कने बोल्ट गनला उलट फिरवू पाहतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमातून कोणत्याही हत्याराची सुटका नाही. हा उलटा टॉर्क कोणीतरी पेलावाच लागतो : माणसाचा हात, गनचे स्वतःचे वजन, किंवा बाहेरचा एखादा आधार. या तिघांत तो कसा वाटला जातो यावर सगळे अवलंबून असते, आणि ती वाटणी ठरवणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन आहेत : हाताचे बोल्टाच्या अक्षापासूनचे अंतर आणि टॉर्क चढायला लागणारा वेळ.

अंतराचा हिशोब सोपा आहे. पिस्तूल गनमध्ये बोल्टाच्या अक्षापासून तळहाताच्या मध्यापर्यंत जेमतेम नऊ सेंटिमीटर अंतर असते. १८ भागिले ०.०९ केले की २०० न्यूटन येतात, म्हणजे सुमारे वीस किलोचा भार, तोही मनगट पिळण्याच्या दिशेने. तेच काम ४५ सेंटिमीटर लांबीच्या अँगल नटरनरने (लांब हँडलच्या, टोक काटकोनात वळलेल्या गनने) केले तर हाताला ४० न्यूटन, म्हणजे चार किलो भार लागतो. बोल्ट तोच, टॉर्क तोच, हाताचा भार पाचपट कमी. लांब पान्याने नट सहज सुटतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे नवीन नाही, पण गन विकत घेताना ते ध्यानात राहत नाही, कारण माहितीपत्रकात टॉर्क ठळक छापलेला असतो आणि हँडलची लांबी मापाच्या कोष्टकात कुठेतरी दडलेली असते.

वेळेचा मुद्दा जरा खोलात जाऊन पाहावा लागतो. बोल्टाचे डोके टेकल्यानंतर पूर्ण टॉर्क येईपर्यंत तो किती फिरतो यावरून जोड कठीण की मऊ हे ठरते. तीस अंशांच्या आत काम आटोपले तर जोड कठीण. पूर्ण एक-दोन वेढे लागले तर मऊ. पंपाचे कव्हर आणि बॉडी धातूला धातू लागून बसतात, तेलाचा बंदोबस्त खाचेतली रबरी सील करते, म्हणून तो जोड कठीण आहे. टाकीच्या झाकणाखाली दबणारे गास्केट आहे आणि पत्राही थोडा वाकतो, म्हणून एम ८ चा बोल्ट टेकल्यावर जवळजवळ सव्वा वेढा फिरतो. मिनिटाला ४०० फेरे असलेली गन भाराखाली साधारण निम्म्या वेगाने फिरते असे धरले, तर कठीण जोडाचे तीस अंश २५ मिलिसेकंदांत पार होतात आणि मऊ जोडाच्या सव्वा वेढ्याला जवळजवळ ०.४ सेकंद लागतात.

पंचवीस मिलिसेकंद हा इतका थोडा काळ आहे की त्यात हात जागचा फारसा हलतच नाही. झटक्याचा बराचसा भाग गनच्या वजनातच जिरतो आणि हाताला फक्त एक टोला जाणवतो. याउलट, टॉर्क सेकंद-दोन सेकंद सावकाश चढला, तर स्नायूंना भार ओळखून तो तोलायला सवड मिळते. सर्वांत वाईट तो मधला पट्टा, सेकंदाच्या दहाव्या हिश्शापासून अर्ध्या सेकंदापर्यंतचा. गनच्या वजनाने तोलून धरावा एवढा तो काळ छोटा नसतो आणि स्नायूंनी सावरून घ्यावे एवढा मोठा नसतो. हँडल हातासकट वळते, ताणलेले स्नायू त्याला मागे ओढू पाहतात, आणि नेमके त्याच क्षणी क्लच सुटून भार एकदम नाहीसा होतो. झाकणावरची गन बरोबर याच पट्ट्यात काम करत होती. पाळीत चाळीसेक टाक्या धरल्या तर सोळा बोल्टांप्रमाणे हा वीस किलोचा पिळा एकाच मनगटाला सहाशे चाळीस वेळा बसत होता.

त्यात भर गनच्या आकाराची. पिस्तूल गन उभ्या पृष्ठभागासाठी असते, जिथे बोल्ट माणसाच्या समोर आडवा असतो आणि मनगट सरळ राहते. टाकीचे झाकण आडवे, बोल्ट उभे. पिस्तूल खाली तोंड करून धरायचे म्हणजे कोपर खांद्याच्या उंचीला उचलावे लागते, आणि अशा उचललेल्या, वाकलेल्या हाताची पिळा सोसण्याची ताकद बरीच घटते. टाकी जमिनीवर ठेवली की झाकण कमरेला येई, तेव्हा त्रास थोडा कमी असे. पण वाकावे लागू नये या चांगल्या हेतूने कोणीतरी ती टेबलावर चढवली होती, त्यामुळे पाठ वाचली आणि खांदा अडकला.

पल्स गनची चाचणी

व्यवस्थापनाने ‘कमी झटक्याची’ गन मागवली आणि विक्रेत्याने तेलाच्या पल्स युनिटची एअर गन चाचणीला दिली. या गनमध्ये मोटर आणि सॉकेटचा दांडा यांच्यामध्ये तेलाने भरलेले एक छोटे युनिट असते. त्यात तेलाचा दाब क्षणाक्षणाला चढतो आणि सुटतो, त्यामुळे टॉर्क एका सलग धक्क्याने न जाता अगदी थोडा वेळ टिकणाऱ्या ठोक्यांच्या मालिकेने जातो. प्रत्येक ठोका इतका अल्पकाळ असतो की त्याची प्रतिक्रिया गनच्या वजनातच मुरते. इम्पॅक्ट गनही ठोक्यांनीच चालते, पण तिथे लोखंडावर लोखंड आदळते, म्हणून आवाज आणि कंप दोन्ही जास्त. पल्स गनमध्ये मधल्या तेलामुळे ते बरेच कमी होतात, आणि चांगल्या गनमध्ये ठरलेल्या टॉर्कला हवा आपोआप बंद होते.

तक्रार झाकणाची होती, म्हणून गन आधी झाकणावर लावली गेली. झटका खरोखरच गेला. फिटर खूश झाले. मात्र पहिल्याच दिवशी तीन गोष्टी दिसल्या. बोल्ट टेकल्यावर गास्केट दबत असताना प्रत्येक ठोक्यातली ऊर्जा गास्केटच गिळत होते, त्यामुळे गन सेकंदामागून सेकंद ठोकत राही आणि एकेका बोल्टाला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागे. सतत ठोकत राहिल्याने पल्स युनिट तापे, तेल पातळ होई आणि दुपारचा टॉर्क सकाळच्या टॉर्काशी जुळेना. आणि आवळून झाल्यावर केलेल्या तपासणीत बोल्टाबोल्टातला फरक जुन्या क्लच गनपेक्षाही जास्त निघाला, म्हणजे गळतीचा मूळ प्रश्न जिथल्या तिथे राहिला. यात गनचा दोष नव्हता. पल्स गन कठीण जोडावर आपले काम उत्तम करते, मऊ जोड तिचा नव्हे. ती ज्या टेबलावर शोभली असती, तिथे कोणी मागणीच केली नव्हती.

म्हणून तीच गन पंपाच्या टेबलावर नेली. एम १० चा कठीण जोड ती थोड्याच ठोक्यांत आवळू लागली. आवाज एवढा उतरला की शेजारी उभे राहून साध्या आवाजात बोलता येऊ लागले. कंपाच्या दृष्टीने हा बदल किती मोलाचा आहे, हे साध्या आकडेमोडीनेही कळते. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार हाताला लागणाऱ्या कंपाचे आठ तासांचे सरासरी मान २.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या पुढे गेले की उपाय करणे मालकावर बंधनकारक होते, आणि ५ ही कमाल मर्यादा आहे. पाळीत १२० पंप, पंपाला आठ बोल्ट, आणि खात्रीसाठी ट्रिगर दाबून ठेवण्याच्या सवयीने बोल्टाला पाच सेकंद, असे धरले तर हात ऐंशी मिनिटे कंपात राहतो. इम्पॅक्ट गनचा कंप ८ धरला तर आठ तासांचे मान सुमारे ३.३ येते. ही मर्यादा येथे कायद्याने लागू नसली, तरी बेळगावच्या बोटांची नस युरोपातल्या बोटांच्या नसेहून वेगळी नाही.

इम्पॅक्ट गन जाण्याचा दुसरा लाभ पंपाच्या गुणवत्तेला झाला. त्याची फारशी चर्चा होत नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. इम्पॅक्ट गनमागून लावलेला क्लिक रेंच फक्त एवढेच सांगतो की टॉर्क ठरलेल्या मानापेक्षा कमी नाही. गनने आधीच सत्तर-ऐंशी न्यूटन मीटर चढवले असतील तर पन्नासवर लावलेला रेंच जागच्या जागी क्लिक करतो आणि फिटर समाधानाने पुढच्या बोल्टाकडे वळतो. गिअर पंपात दात आणि बॉडी यांतली फट मायक्रोमीटरमध्ये मोजतात. एका कोपऱ्याचा बोल्ट जास्त ओढला गेला की बॉडी सूक्ष्म प्रमाणात मुरडते, आणि शाफ्ट हाताने फिरवून पाहणाऱ्या अनुभवी फिटरला तो एका ठिकाणी जड लागतो. मग बोल्ट सैल करून पुन्हा आवळा, पुन्हा फिरवून पाहा. या कामात जाणारा वेळ कोणाच्याच हिशोबात धरलेला नव्हता. आपोआप बंद होणारी गन आल्यावर आणि समोरासमोरचे बोल्ट आधी अर्ध्या, मग पूर्ण टॉर्कने आवळण्याचा क्रम पाळल्यावर हे उलटसुलट काम बरेच घटले.

पंपाच्या टेबलावर फिक्स्चरही, म्हणजे पंप पकडून ठेवणारी चौकटही, बदलले. पूर्वी पंप उभा ठेवून वरून आवळत असत. आता फिक्स्चर एका अक्षावर फिरते, त्यामुळे पुढचे चार बोल्ट आणि मग मागचे चार बोल्ट फिटरच्या कोपराच्या उंचीला, त्याच्याकडे तोंड करून येतात, आणि पिस्तूल गनला तिची योग्य जागा मिळते. हे फिक्स्चर कारखान्यातल्याच टूलरूमने जुन्या बेअरिंग हाउसिंगचा उपयोग करून तयार केले.

एक सूचना पावसाळ्याची. बेळगावात जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की कॉम्प्रेसरच्या टाकीतून आणि लाइनच्या खालच्या वळणांतून रोज पाणी काढावे लागते. ते पाणी गनपर्यंत पोचले की मोटरच्या आतल्या लोखंडी भागांना गंज चढतो, वंगण धुऊन जाते आणि टॉर्क गुपचूप उतरतो. गनजवळ चालू स्थितीत ६.३ बार दाब हवा. नुसत्या उभ्या लाइनवर गेज पाहून उपयोग नाही, कारण अरुंद नळी आणि जुने कपलिंग यांतून हवा वाहू लागली की दाब पडतो. हवा सुकवणारा ड्रायर बसवणे आणि प्रत्येक टेबलाला स्वतंत्र फिल्टर-रेग्युलेटर देणे ही कामे गन बदलण्याआधी व्हायला हवीत, आणि रेग्युलेटरला कुलूप त्यानंतर. कुलपाचा अर्थ मात्र माणसावरचा अविश्वास असा लागू नये. झटका आधी घालवला, मगच कुलूप लावले, आणि ते का लावले हे फिटरांना आधी समजावून सांगितले.

झाकणाच्या टेबलावर काय केले

मऊ जोडाचा झटका गनच्या आतून पूर्ण घालवता येत नाही, तो बाहेरूनच आवरावा लागतो. येथे पहिला उपाय अगदी साधा होता : पिस्तूल काढून लांब हँडलचे, क्लच असलेले अँगल नटरनर दिले. वीस किलोचा पिळा चार किलोच्या ढकलण्यावर आला, आणि हा भार मनगटाऐवजी दंडावर जातो. कोपर खाली आले. झाकणाची उंची कमरेच्या थोडी वर राहील अशा बेताने टेबल खाली आणले.

आता झटक्याची दिशा महत्त्वाची ठरली. उभ्या बोल्टावर वरून पाहिले तर आवळताना हँडल घड्याळाच्या उलट दिशेने फिरू पाहते. हँडल फिटरच्या पोटाकडे असेल तर ते त्याच्या उजवीकडे ढकलले जाते, आणि उजव्या हाताने धरणाऱ्याच्या तळव्यात दाबले जाते, जे सोसणे सोपे आहे. हँडल त्याच्या डावीकडे असेल तर ते अंगाकडे येते, तिथे शरीराचा भार मदतीला येतो. पण हँडल उजवीकडे असेल तर ते अंगापासून दूर पळते, हात ताणला जातो आणि हिसका थेट खांद्यात जातो. टाकी टेबलावर एका जागी स्थिर असल्याने पलीकडच्या काही बोल्टांना फिटरला नेमके असेच उजवीकडे हँडल धरून पोचावे लागत होते. टाकीखाली फिरते टेबल बसवले आणि फिटरने जागेवर उभे राहून टाकी फिरवायची असे ठरवले, तेव्हा ही अडचण सुटली. फिटरांपैकी एक डावखुरा आहे. त्याला पोटाकडचे हँडल बोटांवर येते आणि मूठ उघडू पाहते, म्हणून तो ते डावीकडे ठेवून काम करतो. टेबलावर रंगाने काढलेल्या खुणा दोन्ही पद्धतींच्या आहेत, आणि सूचनापत्र कानडी व मराठी दोन्ही भाषांत, चित्रांसह लावले आहे.

मोठ्या टाक्यांच्या झाकणांना एम १२ चे बोल्ट आहेत आणि टॉर्क ६० न्यूटन मीटर. तिथे ४५ सेंटिमीटरच्या हँडललाही १३३ न्यूटन, म्हणजे साडेतेरा किलोचा भार येतो. तो हातावर सोडणे योग्य नव्हते. त्या कामासाठी टॉर्क आर्म घेतला : खांबाला बसवलेला, लांब-आखूड होणारा हात, ज्याच्या टोकाला सरळ नटरनर उभे धरलेले असते. उलटा टॉर्क आर्ममधून खांबात जातो, फिटर फक्त सॉकेट बोल्टावर नेऊन बसवतो. सुरुवातीला आर्म जड वाटतो अशी तक्रार आली, कारण वजन तोलणारी स्प्रिंग रिकाम्या आर्मसाठी लावलेली होती. नटरनरसकट ती पुन्हा लावल्यावर आर्म सोडला तिथे थांबू लागला. आर्मला आधार देणारा भाग आणि टाकीचा उचलण्याचा हूक यांच्यामध्ये बोट सापडू नये म्हणून हूक झाकण बसल्यानंतर लावायचे असे कामाचे क्रमच बदलले.

टॉर्काची खात्री करण्याची पद्धत दोन्ही टेबलांवर सारखी ठेवली नाही. पंपाच्या बोल्टांवर मार्करने डोक्यापासून कव्हरपर्यंत एक रेघ ओढायची, बोल्ट थोडा सैल करायचा आणि डायल रेंचने तो पुन्हा रेघ जुळेपर्यंत आवळायचा. रेघ जुळताना डायल जे दाखवेल तो गनने दिलेला टॉर्क. ही रेघ कठीण जोडावर भरवशाची ठरते. गास्केटच्या जोडावर ती फसवते, कारण आवळल्यानंतर पहिल्या काही मिनिटांतच गास्केट बसते आणि ताण उतरतो. म्हणून झाकण एकदा आवळून, मधल्या वेळेत फिल्टर आणि गेज बसवून, सोळाही बोल्ट त्याच क्रमाने दुसऱ्यांदा आवळायचे असे ठरले. बोल्ट आवळताना लावलेल्या टॉर्कापैकी साधारण निम्मा भाग डोक्याखालच्या घर्षणात, चाळीस टक्के आट्यांतल्या घर्षणात जातो आणि जेमतेम दहा टक्के प्रत्यक्ष पकड देतो. ही दहा टक्केही गास्केटच्या बसण्यात निसटू लागली तर तेल बाहेर येणारच.

उरलेले काम

झाकणाचा जोड मऊ आहे तोवर झटका राहणार, फक्त तो कोण सोसतो एवढे बदलणार. मूळ उपाय ड्रॉइंगमध्ये आहे. गास्केटच्या प्रत्येक बोल्टाच्या भोकात तीन मिलिमीटरहून थोडी कमी उंचीची पोलादी रिंग बसवली, तर गास्केट हवे तेवढे दबल्यावर झाकण रिंगवर टेकेल. दबण्याचा सगळा प्रवास कमी टॉर्कात होईल, शेवटचा टॉर्क थोड्या अंशांत चढेल, आणि जोड कठीण होईल. मग पल्स गनही तिथे चालेल, गास्केट बसल्याने ताण उतरण्याचा प्रश्नही मागे पडेल आणि दुसऱ्यांदा आवळण्याची गरज राहणार नाही. टूलरूमने अशा रिंगा कापून काही टाक्यांवर बसवून पाहिल्या. अँगल नटरनरने आवळताना फिटरांच्या हाताला फरक लगेच कळला, आणि गरम तेल भरून दाबाखाली ठेवलेल्या टाक्या कोरड्या राहिल्या.

ड्रॉइंग ग्राहकाच्या मंजुरीशिवाय बदलता येत नाही, आणि तो प्रस्ताव अजून ग्राहकाकडे आहे. प्रस्तावात डिझाइन विभागाने गळतीची कारणे सविस्तर दिली आहेत. जुळणी विभागाच्या आग्रहावरून त्याच पानावर आता मनगटाला लागणाऱ्या २०० न्यूटनचा हिशोबही जोडला आहे.